सॉफ्टवेअर विकसकांमधील विदागारांचा वापर व पसंती

संगणकावर व्यवस्थित मांडून ठेवलेला आणि हवा तेव्हा शोधता, वाढवता किंवा दुरुस्त करता येणारा माहितीचा साठा म्हणजे विदागार किंवा डेटाबेस होय. हा साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला विदागार व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. व्यवहारात मात्र दोहोंसाठी ‘डेटाबेस’ हा एकच शब्द रूढ आहे. ओरॅकल, मायएसक्यूएल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस), एसक्यूलाइट, मोंगोडीबी आणि रेडिस या सॉफ्टवेअर विकसकांच्या वापरातील काही प्रमुख प्रणाली आहेत.

विकसक कोणते विदागार वापरतात आणि त्यांना कोणते आवडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वापर हा बहुधा पूर्वी कोणीतरी केलेल्या निवडीचा परिणाम असतो, तर पसंतीवरून पुढे होणाऱ्या निवडींची दिशा समजते. सॉफ्टवेअर पाच-दहा वर्षांत बदलले जाते, परंतु त्यातील माहिती अनेक दशके टिकवावी लागते. त्यामुळे विदागाराची निवड हा संगणकप्रणालीच्या उभारणीतील सर्वांत दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या निर्णयांपैकी एक मानला जातो.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकातील विदागारांत माहितीची मांडणी झाडाच्या फांद्यांप्रमाणे केलेली असे. आयबीएम या कंपनीने अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमेसाठी विकसित केलेली आयएमएस ही प्रणाली या प्रकारातील होती. अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. अशा प्रणालीत एखादी माहिती हवी असेल, तर ती कोणत्या वाटेने जाऊन मिळेल हे आज्ञावली लिहिणाऱ्याला आधीच माहीत असावे लागे. मांडणी बदलली की आज्ञावलीही बदलावी लागे.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज गणितज्ञ एडगर एफ. कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधाद्वारे संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहिती सारण्यांमध्ये ठेवावी आणि ती कोठे व कशी साठवली आहे याचा विचार वापरकर्त्याला करावा लागू नये, हे या प्रतिमानाचे सूत्र होते. शाळेचे उदाहरण घेतले, तर एका सारणीत विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक, नावे व पत्ते असतील आणि दुसरीत हजेरी क्रमांक, विषय व गुण असतील. हजेरी क्रमांक हा दोन्ही सारण्यांना जोडणारा दुवा होय. विद्यार्थ्याचा पत्ता बदलला, तर तो एकाच ठिकाणी दुरुस्त करावा लागतो, गुणांच्या प्रत्येक नोंदीत नव्हे. या कार्यासाठी कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

कॉड यांच्या कल्पनेवर आधारित सिस्टिम आर हा प्रकल्प आयबीएममध्येच सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी तयार केलेली पृच्छाभाषा पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्ध झाली. ‘कसे शोधावे’ हे न सांगता ‘काय हवे’ एवढेच या भाषेत सांगायचे असते. याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात मायकेल स्टोनब्रेकर व युजीन वाँग यांनी इंग्रेस ही प्रणाली उभारली. १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एसक्यूएलला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे एक विदागार शिकलेल्या विकसकाला दुसऱ्यावर काम करणे सोपे झाले. तरीही प्रत्येक प्रणालीने आपापल्या वेगळ्या सोयी जोडल्यामुळे एसक्यूएलच्या बोलीभाषा निर्माण झाल्या आणि त्या आजही टिकून आहेत.

प्रमुख संबंधात्मक विदागारे

ओरॅकल: लॅरी एलिसन, बॉब मायनर व एड ओट्स यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९७९ मध्ये हे विदागार बाजारात आणले. एसक्यूएलवर आधारित हे पहिले व्यापारी विदागार मानले जाते. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार व शासकीय खाती यांमध्ये त्याचा वापर मोठा आहे. त्याचा परवाना खर्चिक असतो.

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर: विंडोज व मायक्रोसॉफ्टची इतर साधने वापरणाऱ्या कार्यालयांत हे प्रचलित आहे. २०१७ च्या आवृत्तीपासून ते लिनक्सवरही चालते.

मायएसक्यूएल: मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क व अ‍ॅलन लार्सन यांनी १९९५ मध्ये याचा प्रारंभ केला. नावातील ‘माय’ हे विडेनियस यांच्या मुलीचे नाव आहे. मांडणीस सोपे, वेगवान आणि विनामूल्य मिळणारे असल्याने संकेतस्थळांच्या पहिल्या मोठ्या लाटेत ते सर्वत्र पोचले. वर्डप्रेस या संकेतस्थळ-निर्मितीच्या प्रणालीनेही त्याचाच आधार घेतला.

पोस्टग्रेस्क्यूएल: इंग्रेसनंतर स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कली येथे पोस्टग्रेस हा नवा प्रकल्प हाती घेतला. अँड्र्यू यू व जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएलची जोड दिली आणि १९९६ मध्ये त्याचे आजचे नाव रूढ झाले. जगभरच्या विकसकांचा गट त्याची देखभाल करतो. त्यावर कोणत्याही एका कंपनीची मालकी नाही.

एसक्यूलाइट: डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते तयार केले. त्या वेळी ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरील सॉफ्टवेअरसाठी काम करत होते. इतर विदागारांप्रमाणे त्याला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. संपूर्ण विदागार एकाच फाइलमध्ये मावते. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये व आयफोनमध्ये, तसेच प्रमुख ब्राउझरांमध्ये ते असते. त्यामुळे जगात सर्वाधिक संख्येने बसवले गेलेले विदागार म्हणून त्याचा उल्लेख होतो. ज्याने त्याचे नावही ऐकलेले नाही, असा माणूसही ते दिवसातून अनेकदा वापरत असतो.

असंबंधात्मक विदागारे

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी शोधयंत्रे, समाजमाध्यमे आणि ऑनलाइन दुकाने यांच्याकडील माहिती एका संगणकात मावेनाशी झाली. गूगलने २००६ मध्ये बिगटेबल या आणि अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या अंतर्गत प्रणालींविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले. या दोन्ही निबंधांतील कल्पनांवर आधारित कॅसँड्रा हे विदागार अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये विकसित केले आणि २००८ मध्ये ते मुक्त स्रोत म्हणून खुले झाले. मोंगोडीबी आणि रेडिस ही दोन्ही २००९ मध्ये उपलब्ध झाली. मोंगोडीबीमध्ये माहिती सारण्यांऐवजी दस्तऐवजांच्या रूपात ठेवली जाते. रेडिसमध्ये ती मुख्यतः संगणकाच्या कार्यकारी स्मृतीत ठेवली जात असल्याने अतिशय वेगाने मिळते. सारण्यांची चौकट सोडणाऱ्या अशा विदागारांना ‘नोएसक्यूएल’ हे सामूहिक नाव मिळाले.

या विदागारांच्या मर्यादा समजण्यासाठी ‘व्यवहार’ ही संकल्पना उपयोगी पडते. एका खात्यातून ५०० रुपये दुसऱ्या खात्यात पाठवताना पहिल्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर दुसऱ्या खात्यात ती जमा होणार नाही. संबंधात्मक विदागारे अशा दोन्ही कृती मिळून एकच व्यवहार मानतात. तो पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही. या क्षेत्रातील पायाभूत कामाबद्दल जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माहिती अनेक संगणकांवर विखुरलेली असेल, तर ही हमी देणे अवघड होते. संगणकांमधील संपर्क तुटल्यास माहितीची अचूकता राखायची की सेवा अखंड ठेवायची, यांपैकी एकाचीच निवड करता येते, असे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले. सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये त्याची औपचारिक सिद्धता दिली. एखाद्या छायाचित्राला मिळालेल्या पसंतीचा आकडा काही क्षण चुकीचा दिसला तरी चालते. खात्यातील शिल्लक मात्र तशी दिसून चालत नाही.

पुढे दोन्ही प्रकार एकमेकांच्या जवळ आले. पोस्टग्रेसने २०१२ व २०१४ मधील आवृत्त्यांमध्ये दस्तऐवज-स्वरूपातील माहिती साठवण्याची सोय दिली, तर मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक दस्तऐवजांवर मिळून होणाऱ्या व्यवहारांची हमी देऊ केली.

वापर व पसंतीचे मोजमाप

विकसकांच्या निवडीविषयी दोन मापने वारंवार उद्धृत केली जातात. त्यांचे निष्कर्ष वेगवेगळे दिसतात, कारण ती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिले मापन म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचे वार्षिक सर्वेक्षण. त्यात विकसकांना गेल्या वर्षभरात कोणती विदागारे वापरली हे विचारले जाते. एकाहून अधिक उत्तरे देता येत असल्याने टक्केवारीची बेरीज शंभराहून अधिक भरते. २०१८ मध्ये सुमारे ५९ टक्के उत्तरदात्यांनी मायएसक्यूएलचे नाव दिले होते आणि ते पहिल्या स्थानी होते. २०२३ मध्ये पोस्टग्रेस सुमारे ४६ टक्क्यांसह प्रथमच सर्व उत्तरदात्यांमध्ये अग्रस्थानी आले व मायएसक्यूएल सुमारे ४१ टक्क्यांवर राहिले. २०२४ मध्ये पोस्टग्रेसचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. एसक्यूलाइट सुमारे ३३ टक्क्यांसह तिसरे होते.

याच सर्वेक्षणात पसंतीचाही प्रश्न असतो. जे विदागार सध्या वापरता तेच पुढेही वापरायला आवडेल का, असे त्याचे स्वरूप आहे. २०१७ ते २०२१ या काळात या प्रश्नात रेडिस सलग पहिले होते; २०२२ मध्ये ते स्थान पोस्टग्रेसला मिळाले. म्हणजेच पोस्टग्रेस आधी पसंतीत पुढे गेले आणि त्यानंतर एका वर्षाने एकूण वापरातही पुढे गेले.

दुसरे मापन म्हणजे डीबी-इंजिन्स ही ऑस्ट्रियातून प्रसिद्ध होणारी मासिक क्रमवारी. शोधयंत्रांवरील उल्लेख, नोकरीच्या जाहिराती, व्यावसायिकांच्या परिचयपत्रांतील नोंदी, तांत्रिक प्रश्नांची संख्या इत्यादी गोष्टींवरून त्यात गुण दिले जातात. या क्रमवारीत ओरॅकल, मायएसक्यूएल व मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर ही तीन नावे दीर्घकाळ अग्रभागी आणि पोस्टग्रेस चौथ्या स्थानी राहिले आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या यादीत ओरॅकल मात्र बरेच खाली असते.

हा विरोधाभास वरवरचा आहे. सर्वेक्षणात स्वेच्छेने उत्तर देणारे व इंग्रजी वाचणारे विकसक असतात. त्यांत नवे प्रकल्प हाताळणारे बरेच असतात. क्रमवारीत मात्र जुन्या व मोठ्या संस्थांमधील मागणीही उमटते. प्रत्यक्षात किती ठिकाणी विदागार बसवलेले आहे, हे दोन्ही मापने सांगत नाहीत. तसे मोजले असते, तर फोनाफोनांत असलेले एसक्यूलाइट फार पुढे दिसले असते. म्हणून ‘सर्वांत लोकप्रिय विदागार’ असे विधान वाचताना ते कशावरून ठरवले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

पसंतीमागील कारणे

परवाना व मालकी: मायएसक्यूएल २००८ मध्ये सुमारे १ अब्ज डॉलरना सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मुक्त स्रोत विदागार त्याच्या व्यापारी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार, या चिंतेने विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच मूळ सॉफ्टवेअरमधून मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. तिला त्यांच्या धाकट्या मुलीचे नाव आहे. विकिपीडियाने २०१३ मध्ये आपली विदागारे मारियाडीबीवर नेली. मोंगोडीबीने २०१८ मध्ये आपला परवाना अधिक कडक केला. रेडिसने मार्च २०२४ मध्ये असाच बदल केल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही शाखा सुरू झाली. २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना उपलब्ध करून दिला. या घटनांमुळे एका कंपनीच्या मालकीचे नसलेले विदागार निवडण्याकडे कल वाढला. पोस्टग्रेसचा परवाना अतिशय उदार आहे, तर एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीचे असून त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही.

बदलाचा खर्च: अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये आपल्या ग्राहक व्यवसायाची माहिती ओरॅकलवरून स्वतःच्या विदागार-सेवांवर हलवण्याचे काम पूर्ण केल्याचे जाहीर केले. जवळपास ७,५०० विदागारांतील ७५ पेटाबाइट माहिती त्यासाठी हलवावी लागली. अ‍ॅमेझॉनसारखी साधनसंपत्ती नसलेल्या बँका किंवा शासकीय खाती पसंती बदलली तरी जुने विदागार सोडत नाहीत, याचे कारण येथे दिसते.

विस्तारक्षमता: पोस्टग्रेसला बाहेरून नवी क्षमता जोडता येते. नकाशे व भौगोलिक माहितीसाठीचे पोस्टजीआयएस हे २००१ पासूनचे विस्तारक त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उपयोजनांत लागणारा अर्थसाम्यावर आधारित शोध पीजीव्हेक्टर या विस्तारकामुळे शक्य होतो. एकाच विदागारात अनेक गरजा भागल्यास देखभालीचे काम कमी होते.

शिक्षण व परिचय: विकसक बहुधा शिकताना हाताळलेल्या विदागारापासून सुरुवात करतात. एसक्यूलाइट पायथन या भाषेबरोबरच मिळते. मायएसक्यूएल व पोस्टग्रेस विनामूल्य उतरवून घेता येतात. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरले जाणारे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ हे पाठ्यपुस्तक एब्राहम सिल्बरशाट्झ व हेन्री कोर्थ यांचे असून पुढील आवृत्त्यांचे सहलेखक एस. सुदर्शन हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत.

मराठी मजकूर आणि विदागारे

मराठी माहिती साठवणाऱ्या प्रणालींसाठी विदागाराची निवड करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर भावचिन्हे म्हणजेच इमोजी चार बाइट घेतात. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ या जुन्या पर्यायात तीनच बाइटांची सोय होती. त्यामुळे मराठी मजकूर नीट साठवला जाई, पण त्यात भावचिन्ह आले की अडचण येई. २०१८ मधील ८.० या आवृत्तीपासून चार बाइटांचा पर्याय मूळ पर्याय झाला.

दुसरा प्रश्न वर्णक्रमाचा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’ नंतर येतो; युनिकोडमध्ये मात्र त्याचे स्थान ‘ल’ च्या लगेच नंतर, ‘व’ च्या आधी आहे. केवळ चिन्हांच्या क्रमांकांवरून यादी लावल्यास ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’ आणि ‘कास’ यांच्या आधी येतो. मराठी वर्णक्रमाने तो या दोहोंनंतर यायला हवा. एसक्यूलाइट स्वतःहून बाइटांच्या क्रमानेच तुलना करते. पोस्टग्रेसमध्ये २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून विशिष्ट भाषेचा वर्णक्रम सांगणारी आयसीयू ही संहिता वापरता येते. मात्र ती जाणीवपूर्वक निवडावी लागते.

तिसरा प्रश्न शोधाचा आहे. ‘कऱ्हाड’ या गावाच्या नावातील ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह म्हणून टंकित करता येते, ‘र’ ला नुक्ता जोडूनही करता येते, किंवा ‘र’, पायमोडीचे चिन्ह आणि न दिसणारे जोडचिन्ह यांच्या साहाय्यानेही अर्धा रफार उमटवता येतो. पडद्यावर अक्षर सारखेच दिसते, परंतु विदागाराच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द असतात. परिणामी यादीत असलेले नाव शोधल्यावर ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळू शकते. पहिली दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक करता येतात. पोस्टग्रेसमध्ये तेराव्या आवृत्तीपासून त्यासाठी तयार फलन आहे. तिसरे रूप मात्र प्रमाणीकरणाने बदलत नाही. ते माहिती भरतानाच विकसकाला हाताळावे लागते. विद्यार्थी, मतदार किंवा रुग्ण यांच्या मराठी याद्यांमध्ये ही बाब दुय्यम राहत नाही.

निवडीचे सर्वसाधारण निकष

नव्या प्रकल्पासाठी विदागार निवडताना पुढील प्रश्न विचारले जातात:

• माहिती नियमित सारण्यांत बसणारी आहे, की प्रत्येक नोंदीचे स्वरूप वेगळे आहे?
• पैसे, गुण, औषधे यांसारख्या व्यवहारांत चूक मुळीच चालणार नाही, असे आहे काय?
• एकाच वेळी किती जण माहिती लिहिणार आहेत? एका फोनपुरत्या किंवा लहान उपयोजनाला एसक्यूलाइट पुरते; एकाच वेळी अनेकांनी लिहायचे असल्यास सर्व्हरवरील विदागार लागते.
• परवाना उद्या बदलला, तर माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल काय?
• देखभाल करणाऱ्यांना त्या विदागाराचा अनुभव आहे काय?
• मराठी मजकुराचा वर्णक्रम व शोध यांची चाचणी घेतली आहे काय?

सर्वेक्षणातील क्रमांक या प्रश्नांची उत्तरे देत नाही. त्यावरून एवढेच समजते की त्या विदागाराचे जाणकार, मार्गदर्शक साहित्य आणि अडचणींची उत्तरे सहज मिळतील. हा लाभ लहान नसला, तरी माहितीचे स्वरूप व तिची मालकी यांचा विचार त्याआधी करावा लागतो.

हेही पहा

• संबंधात्मक प्रतिमान
• एसक्यूएल
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
• युनिकोड
• देवनागरी